लिंबूसत्त्व, दात आणि पुरावा



विषयाची पाटी वाचून काही जणांच्या मनात आलं असेल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकांनी सायट्रिक ॲसिडवर काय बोलायचं? शंका रास्त आहे. आमच्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं खरं, पण दात दाखवायला आमच्याकडे कुणी येत नाही, आणि येऊही नये. आम्ही औषध सांगायला उभे नाही. एखाद्या औषधाबद्दल जे छापलं जातं, बोललं जातं, त्यातला युक्तिवाद कुठवर टिकतो हे पाहायला उभे आहोत. जन्मभर आम्ही तेवढंच केलं.

तोंडाचे आणि दातांचे संसर्ग, म्हणजे हिरड्या सुजणं, पू येणं, दात किडणं, मुळाशी गळू होणं, यांवर सायट्रिक ॲसिडचा उपयोग करता येईल का, यावर गेली पन्नासेक वर्षं संशोधन चालू आहे. त्यातला काही भाग आपल्या महाराष्ट्रातल्या कामाशी जोडता येतो. हे संशोधन प्रयोगशाळेतून घराघरांत पोचतं तेव्हा त्याचं रूप बदलतं. 'मना दात दुखस' म्हटलं की शेजारची बाई सांगते, लिंबू-मीठ चोळा. आणि आता तिच्या मदतीला 'शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलंय' हे वाक्य आलेलं आहे. नेमकं काय सिद्ध झालंय, एवढाच आजचा प्रश्न.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. सायट्रिक ॲसिड म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. ढोकळ्यात, सरबतात, दूध फाडायला आपण ते वापरतो. १७८४ साली कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने ते लिंबाच्या रसातून वेगळं काढलं. पण आज दुकानात मिळणाऱ्या पुडीचा लिंबाशी संबंध फक्त नावापुरता. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक ॲसिड तयार करते. दोन वर्षांत अमेरिकेत त्याचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं, आणि आज जगातलं बहुतेक सायट्रिक ॲसिड साखर, मळी, स्टार्च यांवर अशीच बुरशी वाढवून काढतात. यात वाईट काहीच नाही. रेणू तोच. फक्त 'नैसर्गिक, लिंबातलं' या शब्दाने जो विश्वास वाटतो, तो विश्वास पुराव्यात धरायचा नाही, इतकं लक्षात ठेवू.

दुसरी गल्लत याहून मोठी. सायट्रिक ॲसिड म्हणजे 'क' जीवनसत्त्व नव्हे. 'क' जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. दोन्ही लिंबात आहेत, दोन्ही आंबट आहेत, पण कामं वेगळी. ही गल्लत किती महाग पडू शकते त्याकडे पुढे येऊ.

आता महाराष्ट्रातलं काम. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बी. एस. नागोबा आणि त्यांचे सहकारी यांनी सायट्रिक ॲसिडचा जखमांवर उपयोग करून पाहिला. १९९८ मध्ये 'जर्नल ऑफ हॉस्पिटल इन्फेक्शन' या नियतकालिकात त्यांचं टिपण आलं. स्यूडोमोनास जंतूंनी चिघळलेल्या वरवरच्या जखमांवर हा उपाय परिणामकारक आणि काटकसरीचा आहे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. २००८ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या ई. कोलाय जंतूंच्या जुनाट जखमांबद्दल लिहिलं. वापर साधारण तीन टक्के सायट्रिक ॲसिडचा.

या कामाबद्दल आम्हांला आदर आहे, आणि तो टीका करण्याआधीच सांगून टाकतो. जखम महिनोन्‌महिने भरत नाही, महागडी इंजेक्शनं चालत नाहीत, आणि खाटेवरच्या माणसाच्या घरी विकायला उरलेलं काही नाही, अशा वेळी चार पैशांच्या वस्तूकडे वळून पाहायला धाडस लागतं. लातूरच्या मंडळींनी ते दाखवलं आणि वीस वर्षं त्याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग रुग्णमालिकांचा आहे. म्हणजे इतर उपचार फसलेले रुग्ण घेतले, हा उपचार केला, ते बरे झाले, असं लिहून ठेवलेलं. अशा नोंदी मौल्यवान असतात. त्या पुढे काय तपासावं ते सांगतात. शेजारी, तेवढीच निगा राखून पण सायट्रिक ॲसिड न लावता, किती जखमा भरल्या असत्या, हे मात्र त्या सांगू शकत नाहीत.

आणि आता एक उडी पाहा. जखमेवर चाललं, तर तोंडातही चालेल. जंतू ते जंतूच, संसर्ग तो संसर्गच. ही उडी आम्ही लातूरच्या संशोधकांच्या नावावर टाकत नाही. ती वाचणारे मारतात, सांगणारे मारतात. पण उडी सर्रास मारली जाते, म्हणून ती तपासायला हवी.

आपल्या न्यायशास्त्रात याला फार चोख हत्यार आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती खरी. उलटं करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं, तर ते खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. या न सांगितलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. अग्नी आणि धूर यांचं नातं ओल्या सरपणाच्या उपाधीवर टिकलेलं असतं. ती अट काढली की अनुमान कोसळतं.

मग विचारू, 'जिथे सायट्रिक ॲसिड तिथे संसर्ग बरा' यातलं ओलं सरपण कोणतं? जखमेच्या बाबतीत दोन अटी गुपचूप काम करत असतात. पहिली, औषध तिथे टिकून राहतं. पट्टी बांधली की उद्यापर्यंत ते जागेवर आहे. दुसरी, खालचं मांस जिवंत आहे. आम्लाने थोडं सोललं गेलं तरी पेशी पुन्हा वाढतात, कातडी पुन्हा धरते.

तोंडात या दोन्ही अटी नाहीत. लाळ सतत पाझरते, चूळ भरली तर औषध अर्धा मिनिट राहतं, मग थुंकलं जातं किंवा गिळलं जातं. आणि दाताचं वरचं आवरण, ज्याला आपण दंतवल्क म्हणतो, त्यात जिवंत पेशी नसतात. वजनाच्या सुमारे ९६ टक्के ते खनिजच आहे, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. थोडं मऊ झालेलं दंतवल्क लाळेतल्या खनिजांनी पुन्हा कडक होऊ शकतं. झिजून गेलेलं मात्र परत येत नाही.

इथे सोनगीरच्या माणसाला रसायनशास्त्र वेगळं शिकवायची गरज नाही. आपलं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. काळवंडलेला हंडा चिंचेने किंवा लिंबाने घासला की का उजळतो? आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं आणि खालचा धातू दिसतो. त्याच घरातली आजी हेही सांगते की कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवू नका, कळकेल. म्हणजे आंबट पदार्थ भांड्यातून काहीतरी काढून घेतो, हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दंतवल्क ही दाताची कल्हई समजा. फरक एवढाच की भांड्याला पुन्हा कल्हई लावणारा मिळतो. दाताला मिळत नाही. दंतवैद्य भर घालतो, टोपी बसवतो, पण ते ठिगळ.

आकड्यांत सांगायचं तर दंतवल्क साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच. ही मोजपट्टी अशी आहे की एक अंक खाली आलं की आम्लता दहा पट वाढते. म्हणजे साडेपाचवरून अडीचवर येताना ती हजार पट होते. शिवाय सायट्रिक ॲसिडचा आणखी एक गुण आहे. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, आपल्याबरोबर घेऊन जातं. म्हणून दातांच्या बाबतीत ते नुसत्या आंबटपणापेक्षा जास्त काम करतं, आणि म्हणूनच जास्त बिघडवतंही.

यातली खरी विसंगती पुढे आहे. हिरड्यांचा आजार जुना झाला की हिरड्या खाली सरकतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर दंतवल्क नसतं. तिथला भाग दंतवल्कापेक्षा कमी आम्लातही विरघळू लागतो. म्हणजे ज्या माणसाला हिरड्यांसाठी आपण रोज आंबट चूळ भरायला सांगणार, त्याच माणसाचे दात त्या चुळीला सगळ्यांत कमी तोंड देऊ शकतात. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायाबापड्यांच्या हिरड्या आठवा. मुळं उघडी पडलेली असतात. त्यांना लिंबू चोळायला सांगणं म्हणजे कल्हई उडालेल्या भांड्यातच ताक ओतणं.

आता प्रयोगशाळेकडे वळू. या विषयावरचे कितीतरी लेख असे असतात : तोंडातले जंतू काढले, काचेच्या बशीत वाढवले, सायट्रिक ॲसिड घातलं, जंतू मेले. बशीत औषधाभोवती जंतू न वाढलेलं एक स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात, तक्ता करतात, आणि शेवटच्या परिच्छेदात लिहितात की हे औषध तोंडाच्या संसर्गात उपयोगी ठरू शकेल. 'शकेल' हा शब्द घरी पोचेपर्यंत गळून पडतो.

बशीतले जंतू आणि दातावरचे जंतू यांतला फरक माणसाला फार जुना माहीत आहे. १६८३ च्या सुमारास हॉलंडमधल्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक यांनी स्वतःच्या दातांवरची किटणं खरवडून भिंगाखाली पाहिली आणि त्यात वळवळणारे जीव बघितले. पुढे त्यांनी कडक सिरक्याने चूळ भरून पुन्हा किटणं काढलं. त्यांच्या ध्यानात आलं की सिरका किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मारतो, आतपर्यंत पोचत नाही. तेच किटण बाहेर काढून त्यात सिरका मिसळला की मात्र जीव मरतात. मंडळी, आज ज्याला बायोफिल्म म्हणतात त्याचं हे सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे. दातावरचे जंतू सुटे नसतात. एकमेकांना चिकटून, चिकट आवरणात वस्ती करून असतात. त्या वस्तीला तेच औषध सुट्या जंतूंपेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागतं. लेव्हेनहुकना जे कळलं होतं, ते ज्या लेखात विचारात घेतलेलं नाही, तो लेख कितीही नव्या यंत्रावर केलेला असो, जुनाच आहे.

आणि जंतूंची जात पाहा. दात किडण्यात ज्याचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं तो स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स स्वतःच साखरेपासून आम्ल बनवतो. दात किडतो तो त्या आम्लामुळे. १८९० मध्ये विलबी मिलर यांनी ही गोष्ट मांडली. हा जंतू आम्लात टिकून राहायला सरावलेला आहे. तोंड वारंवार आंबट राहिलं, तर आम्ल न सोसणारे निरुपद्रवी जंतू मागे पडतात आणि आम्ल सोसणारे पुढे सरकतात. फिलिप मार्श यांनी १९९० च्या दशकात कीड लागण्याची जी उपपत्ती मांडली, तिचा गाभाच हा. तीव्र आम्लाने बशीत म्यूटन्स मरतो, हे खरं. पण रोज तोंड थोडं आंबट ठेवणं म्हणजे त्याच्यासाठी अंगण सारवून ठेवणं.

मग सायट्रिक ॲसिड दंतवैद्यकात निरुपयोगीच आहे का? नाही. दंतवैद्य ते वापरतात, पण वेगळ्या कामाला. आणि त्यांचा स्वतःचा अनुभव फार बोलका आहे.

पहिला अनुभव हिरड्यांचा. १९७५-७६ मध्ये रजिस्टर आणि बर्डिक या संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करून सांगितलं की दाताच्या उघड्या मुळाला पीएच १ इतकं तीव्र सायट्रिक ॲसिड दोन-तीन मिनिटं लावलं, तर वरचा खनिज थर निघतो, आतले तंतू उघडे होतात आणि हिरडी पुन्हा घट्ट चिकटते. कल्पना सुंदर होती. जगभर शस्त्रक्रियांत ती वापरली गेली. सूक्ष्मदर्शकाखाली चित्रंही छान दिसत. मग २००३ मध्ये अँजेलो मॅरिओटी यांनी माणसांवरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासले. निष्कर्ष असा की जुनाट हिरड्यांच्या आजारात मुळाला सायट्रिक ॲसिड लावल्याने रुग्णाला जाणवेल असा फायदा होत नाही. प्राण्यांत दिसलं, भिंगाखाली दिसलं, माणसाच्या तोंडात नाही दिसलं. पंचवीसहून अधिक वर्षं गेली त्यात.

दुसरा अनुभव मुळाच्या नळीचा, ज्याला आपण रूट कॅनल म्हणतो. नळी कानशीने खरवडली की भिंतीवर भुगा लिंपला जातो. तो काढायला सायट्रिक ॲसिड चांगलं काम करतं. इथे दाताचं खनिज विरघळवणं हाच हेतू असतो, जागा बंद असते, वेळ मोजलेला असतो आणि हात जाणत्याचा असतो. २००३ मध्येच कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटॅड नावाचं मिश्रण पुढे आणलं. त्यात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, ४.२५ टक्के सायट्रिक ॲसिड आणि थोडं साबणासारखं द्रव्य. प्रयोगशाळेत त्याने हट्टी एंटेरोकॉकस जंतूही मारले, मोठा गाजावाजा झाला. २००९ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी ते प्रत्यक्ष रुग्णांच्या दातांत तपासलं. नळी नीट साफ करून, सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन जेवढे जंतू कमी झाले होते, त्याहून जास्त काही एमटॅडच्या शेवटच्या धुण्याने कमी झाले नाहीत.

यात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपावी. मिश्रणाने जंतू मेले, तेव्हा मारलं कुणी? प्रतिजैविकाने की आम्लाने? आम्लाने वाट मोकळी केली आणि प्रतिजैविकाने काम केलं, अशी विभागणी असेल, तर त्यावरून 'सायट्रिक ॲसिड जंतू मारतं' असं म्हणणं म्हणजे दरवाजा उघडणाऱ्याला लढाईचं श्रेय देणं.

कारण ओळखण्याचा हा प्रश्न लिंबाच्या इतिहासात एकदा फार ठळकपणे येऊन गेला आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातल्या वैद्याने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले. हिरड्या सडलेल्या, अंगात त्राण नाही. त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, एकीला गंधकाच्या आम्लाचा अर्क, एकीला सिरका, एकीला समुद्राचं पाणी, एकीला मसाल्यांचा लगदा, आणि एकीला संत्री-लिंबू. लिंबूवाले दोघं भराभर सुधारले.

आपण हा प्रयोग 'लिंबाने हिरड्या बऱ्या होतात' असा लक्षात ठेवतो. पण त्यातलं खरं सौंदर्य आम्ल आणि सिरका मिळालेल्या दोन जोड्यांत आहे. त्याही आंबट होत्या, आणि त्या बऱ्या झाल्या नाहीत. म्हणजे गुण आंबटपणाचा नव्हता. पुढच्या शतकात ही गोष्ट विसरली गेली. ब्रिटिश नौदलाने वेस्ट इंडीजमधली वेगळ्या जातीची लिंबं वापरायला सुरुवात केली. त्यांचा रस आंबट होता, पण 'क' जीवनसत्त्व त्यात बरंच कमी होतं, आणि साठवणीत ते आणखी घटत होतं. १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत लिंबाचा रस बरोबर असूनही खलाशांना स्कर्व्ही झाला. चुकीच्या कारणावर विश्वास ठेवला की बाटली भरलेली असते आणि माणूस आजारी पडतो.

म्हणून सायट्रिक ॲसिडवरच्या कुठल्याही प्रयोगाला आमचा पहिला प्रश्न लिंडचाच राहील. तेवढ्याच पीएचचं दुसरं आम्ल शेजारी ठेवलं होतं का? ठेवलं नसेल, तर जंतू सायट्रिक ॲसिडने मेले की नुसत्या आंबटपणाने, हे सांगता येत नाही. मिलने १८४३ मध्ये ज्याला भेदाची पद्धत म्हटलं, ती हीच. बाकी सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी.

आता सगळ्यांत अवघड मुद्द्याकडे येतो. कुणी म्हणेल, सर, तुम्ही पुराव्याच्या गोष्टी करता, पण गरिबाला परवडणारं दुसरं काय आहे? धुळ्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, आणि रूट कॅनलचा खर्च ऐकून माणूस दात काढूनच येतो. दहा रुपयांची पुडी काय वाईट?

हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. स्वस्त उपाय शोधणं हे चांगल्या संशोधनाचं एक कर्तव्यच आहे. पण 'स्वस्त आहे' हे 'काम करतं' याचं कारण होऊ शकत नाही. ती दोन वेगळी विधानं आहेत, आणि एकीचा पुरावा दुसरीला लागू पडत नाही. उलट स्वस्त औषध तपासायला कंपन्या पुढे येत नाहीत, कारण त्यात नफा नाही. त्यामुळे श्रीमंताचं औषध हजारो रुग्णांवर तपासून येतं आणि गरिबाचं औषध बशीतल्या वर्तुळावर पास होतं. मग गरिबावर अन्याय दोनदा होतो. एकदा महाग उपचार मिळत नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याच्यासाठी कमी पुरावा पुरेसा मानला जातो म्हणून. स्वस्त औषधाला स्वस्त पुरावा चालत नाही, ही आमची आजची एकच मागणी.

आणि हा पुरावा मिळवणं अशक्य नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंत महाविद्यालय आहे, पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंधाचा विषय शोधत असतात. हिरड्यांचा आजार असलेले रुग्ण घ्यावेत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते गटांत वाटावेत. सगळ्यांचे दात सारखेच साफ करावेत. मग एका गटाला सौम्य सायट्रिक ॲसिड, एकाला क्लोरहेक्सिडीनची रूढ चूळ, एकाला नुसतं मिठाचं पाणी. हिरड्या तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसावं. जंतूंची संख्या मोजाच, पण रुग्णाच्या कामाचं मोजा : रक्त येणं थांबलं का, सूज उतरली का, दात हलायचा थांबला का. दातांची झीजही मोजा, कारण हानी मोजली नाही तर फायद्याला अर्थ नाही. आणि हे किमान सहा महिने चालवा. अशा अभ्यासात सायट्रिक ॲसिड टिकलं, तर आम्ही स्वतः पुढच्या व्याख्यानात त्याचं कौतुक करू. मिठाचं पाणी त्याच्या बरोबरीला आलं, तर तीही मोठी बातमी ठरेल, कारण त्याहून स्वस्त काय आहे!

तोवर घरी काय करायचं, हे विचारल्याशिवाय तुम्ही आम्हांला सोडणार नाही. जे दंतवैद्य सांगतात तेच सांगतो. लिंबू किंवा लिंबूसत्त्व दातांवर चोळू नका, त्याची चूळ रोज भरू नका. जेवणात लिंबू पिळा, सरबत प्या, त्याने काही बिघडत नाही. फक्त दिवसभर घोट घोट पीत बसू नका, आणि आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नका, साध्या पाण्याने चूळ भरा. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा. मशेरी, तंबाखू, गुटखा सोडा. फरशी धुण्याच्या ब्लीचमध्ये लिंबूसत्त्व कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. चेहऱ्यावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तोंडातला पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर तिच्यावर लिंबू, हळद, काहीही लावत बसू नका. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात ती कर्करोगाची सुरुवात असू शकते, आणि तिथे घरगुती उपायात घालवलेला प्रत्येक महिना मोजावा लागतो.

संशोधनाचा लेख हाती आला, कुणी मोबाइलवर पाठवला, की घाबरू नका आणि भारावूनही जाऊ नका. चार प्रश्न विचारा. बशीत की माणसात? कशाच्या तुलनेत? किती दिवस? आणि नुकसान मोजलं का? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. बाजारात हंडा घेताना तुम्ही तो वाजवून पाहता, बूड तपासता, वजन करता, आणि मगच पैसे काढता. तोंडात घालायच्या औषधाला त्याहून कमी पारख कशाला?

प्रश्न असतील तर आता घेऊ.